दीडशे टनांची परात

५ मे १९८५

ही डायरी प्लास्टिकचे दाणे विकणाऱ्या व्यापाऱ्याने जानेवारीत फुकट दिली. चार महिने कोरी राहिली, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. साबणाच्या डब्या, बाटल्यांची बुचं, पुन्हा साबणाच्या डब्या. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एक गाळा, एक मशीन, पाच बायका, एक कारागीर आणि मी. शाळेतून निवृत्त झाल्यावर बायका देवळात बसतात. मला मांडी घालता येत नाही, म्हणून कारखाना काढला.

आज मात्र घडलं. विद्याधर बडोद्याहून सहकुटुंब आला. जेवण झाल्यावर म्हणाला, "आई, तू साठीची झालीस. बुचं पाडत किती दिवस बसणार? आमच्याकडे ये. पुष्पलताला मदत होईल." पुष्पलता, म्हणजे माझी सून, ताटाकडे बघत होती. तिला आनंद लपवता येत नसावा.

मी सांगितलं, मुरब्याच्या मासळी विकणाऱ्या बायकांनी माझ्याकडे सहाशे प्लास्टिकच्या पराती मागितल्या आहेत. नारळी पौर्णिमेला होड्या समुद्रात जातात, त्याच्या आत सहाशे पराती दिल्या नाहीत तर कारखान्याला कुलूप लावीन आणि बडोद्याला येईन. मुलाने खिशातली वही काढून तारीख लिहून घेतली. ३० ऑगस्ट. त्याच्या लहानपणी गृहपाठाची तारीख इतक्या तत्परतेने कधी लिहिलेली आठवत नाही.

९ मे

मुरब्याच्या इंदुबाई आल्या होत्या. सगळ्या बायकांच्या वतीने त्या बोलतात, आणि सगळ्या बायका मिळून बोलतील त्याहून जास्त बोलतात. मी बारा इंची परातीचं चित्र काढून ठेवलं होतं. त्यांनी ते हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"यात काय ठेवू, बाई? सुपारी?"

"मासे ठेवा."

"पापलेट बसल. घोल आला तर शेपटी बाहेर काढून बसल, आनि गिऱ्हाईक शेपटीवरच पाय देल."

असं म्हणून त्यांनी कोपरापासून बोटांपर्यंत हात टेबलावर आडवा टाकला. एवढी पाहिजे. मोजली, सोळा इंच भरली. मी हो म्हटलं. चार इंचांसाठी गिऱ्हाईक घालवणाऱ्यांतली मी नव्हे.

त्या गेल्यावर बुधा जवळ आला. बुधा उमरोळीचा, माझा कारागीर. आठ वर्षं दुसऱ्या एका कारखान्यात मशीन चालवून माझ्याकडे आलेला. "बाई, ते चार इंच नाय."

"मग किती?"

"गोल हाय ना, बाई. चारी अंगांनी वाढतो."

"बुधा, मी तेहतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं आहे."

"हा बाई. मला पन शिकवलंत."

शिकवलं होतं खरं. नववीत दोनदा नापास केलं. तिसऱ्या वर्षी तो आलाच नाही. शाळेचं नुकसान झालं असं तेव्हा कोणी म्हटलं नव्हतं.

साचा सोळा इंचांचा करायला दिला.

२ जुलै

साचा आला. मशीनच्या चार खांबांच्या मधे तो जेमतेम बसला, दोन्हीकडे बोट शिरेल एवढी जागा. बसला हे महत्त्वाचं.

ही डायरी पुढे नातवंडांनी वाचली तर त्यांना कळावं म्हणून लिहिते. साचा दोन पोलादी भागांचा असतो. मशीन ते दोन भाग एकमेकांवर दाबून धरतं आणि मधल्या पोकळीत वितळलेलं प्लास्टिक जोराने शिरतं. आत शिरलेलं प्लास्टिक दोन्ही भागांना दूर ढकलू बघतं. मशीनने त्याहून जास्त जोर लावून साचा मिटलेला ठेवायचा, एवढंच काम. आमचं मशीन दीडशे टनांचं, म्हणजे दीडशे टन जोराने साचा मिटून धरतं. दीडशे टन म्हणजे किती, हे मी वर्गात हत्तींच्या संख्येत सांगत असे. मुलं हत्तींवरच लक्ष द्यायची.

पहिली परात पडली. भोवती चारी बाजूंनी पातळ पापुद्रा, लग्नातल्या परकराला असते तशी झालर. बुधा त्याला फ्लॅश म्हणतो. साच्याची तोंडं किंचित उघडली की प्लास्टिक फटीतून असं बाहेर येतं. दुसरी परात, तिसरी, तेरावी. सगळ्या नटून थटून.

हंसा आणि बाकीच्या बायकांना चाकू देऊन झालर कापायला बसवलं.

४ जुलै

बुधाला विचारलं, हे का होतं. म्हणाला, "मशीनची मिठी लहान पडते, बाई. परात मोठी हाय."

मिठी वगैरे शब्द माझ्या कारखान्यात नकोत, असं सांगितलं. मग त्याने दुसरा शब्द शोधला नाही. नुसता उभा राहिला. वर्गातही असाच उभा राहायचा, उत्तर येत नसल्यासारखा.

माझं निदान: आळस. नट सैल ठेवले असणार.

९ जुलै

एसटीने मुरब्याला गेले. बरोबर साठ पराती, झालर कापलेल्या. पावसात होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या, झापांनी झाकलेल्या, आणि माणसं जाळी विणत बसलेली. इंदुबाईंनी पहिल्या परातीच्या काठावरून अंगठा फिरवला आणि तो मला दाखवला. रक्ताची रेघ.

"मासली कापायला कोयता हाय आमच्याकडं, बाई. परात कशाला कापायला पायजे?"

कापलेली कड धारदार राहते, हे मान्य करावं लागलं. साठही परत. पण त्याहून वाईट पुढे होतं. मी आठवड्यापूर्वी पाठवलेला नमुना अंगणात पिंपावर ठेवलेला दिसला. त्याच्या तळाला या बाईंनी सळई तापवून भोकं पाडली होती! पंचवीस-तीस भोकं, आणि प्रत्येकाभोवती काळा डाग.

"हे काय केलंत?"

"पानी खाली गेला पायजे ना. बर्फाच्या पान्यात पडलेली मासली दुपारला मऊ पडते. मग म्हावरा शिळा म्हनून भाव पाडतात."

मी म्हटलं, भोकं पाडून वस्तू खराब केल्यास कारखाना जबाबदार नाही. त्यावर त्यांच्या जावा, नणंदा आणि रस्त्याने जाणाऱ्या दोघी अशा सगळ्या हसल्या. का, ते कळलं नाही. चहा चांगला होता.

१५ जुलै

आज बुधाने आज्ञा मोडली. मी सांगितलं, नट आवळ, साचा आणखी जोराने दाबला गेला पाहिजे. मशीनच्या चार खांबांच्या टोकांना चार मोठे नट आहेत, दोन पुढच्या बाजूला, दोन मागे भिंतीकडे; ते आवळले की पकड वाढते. साधी गोष्ट.

"दीडशेच्या वर मी आवळनार नाय, बाई. खांब तुटल."

"खांब मनगटाएवढा जाड आहे. पोलादी आहे."

"हा. म्हनून तुटल. रबराचा असता तर ताणला असता."

बायका हसल्या. हसणं थांबेपर्यंत मी थांबले आणि मग म्हटलं, "बुधा, घरी जा. बसून विचार कर. माझं ऐकायचं ठरलं की ये."

त्याने पाना टेबलावर ठेवला, पिंपातल्या पाण्याने हात धुतले, साबण जागेवर ठेवला. "येतो बाई," म्हणाला आणि गेला. दारात वळूनही पाहिलं नाही. शिस्तीच्या बाबतीत मी कधी नमतं घेतलेलं नाही, आणि त्याचे परिणाम तेहतीस वर्षं चांगलेच आले आहेत. निदान मला तरी तसे दिसले आहेत.

१६ जुलै

नट मी स्वतः आवळले. हंसाने बॅटरी धरली. पुढचे दोन नट उत्तम आवळले. पान्याला नळीचा तुकडा लावून तिच्यावर मी आणि हंसा दोघींनी भार दिला. मागच्या दोघांपर्यंत माझा हात पोचत नाही. मशीन आणि भिंत यांच्या मधे बुधा कसा शिरत असे, हे त्यालाच ठाऊक. तरी बोटांनी चाचपून मागचे घट्टच आहेत असं ठरवलं.

निकाल: पुढच्या बाजूची झालर निम्मी कमी! विज्ञानाला कारागिराची गरज नसते.

१८ जुलै

झालर पुढे नाहीच, मागे मात्र आहे. एक परात अर्धी सभ्य, अर्धी नटवी. उद्या पुढचे नट आणखी आवळीन.

हंसा म्हणते, "बाई, मशीन कन्हते." मी सांगितलं, यंत्रं कण्हत नाहीत, आवाज करतात. ती म्हणाली, "मग आवाज करते, पन कन्हल्यासारखा."

२० जुलै

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी खांब तुटला.

२१ जुलै

काल लिहिता आलं नाही. चष्मा नीट नव्हता असं लिहिता येईल.

तोफेसारखा आवाज झाला. पुढचा वरचा खांब नटाजवळ तुटला आणि नटासकट तुकडा उडून पलीकडच्या पत्र्यातून आरपार गेला. पत्र्याला ताटलीएवढं भोक आहे. त्यातून शेजारच्या कारखान्यातला वॉचमन डोकावून विचारत होता, "क्या हुआ?"

तुकडा ज्या वाटेने गेला तिथे हंसा उभी राहते. रोज आठ तास तिथेच. काल त्या मिनिटाला ती माठाकडे गेली होती, कारण सकाळी घरून सुकट खाऊन आली होती आणि तहान लागली होती. ती हातात पेला धरून तशीच उभी राहिली. पाणी सांडत होतं, तिला कळत नव्हतं.

मी तिच्याजवळ गेले. म्हटलं, "बस." ती बसली. मग मीही बसले, जमिनीवर, मांडी घालून. उठताना दोघी बायकांनी हात दिला.

२३ जुलै

ठाण्याहून मशीनचा मिस्त्री आला. सरदारजी, वयाने पोक्त, हाताला वंगण. वाकून नट बघितले, मागचे बघितले, पुन्हा पुढचे बघितले.

"माताजी, ये किसने कसा है?"

"कारखाने की मालकिन ने."

"उनको बुलाइए. मुझे उनसे बात करनी है."

मी उभीच होते. त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग ते पगडी सारखी करत, शक्य तितक्या आदराने म्हणाले, की मागचे दोन नट सैल आणि पुढचे दोन घट्ट असले की सगळा भार पुढच्या दोन खांबांवर येतो. चौघांचं ओझं दोघांनी उचललं, त्यातला एक गेला. नवा खांब यायला महिना लागेल.

जाताना त्यांनी विचारलं, "आपका कोई कारीगर नहीं है?"

मी म्हटलं, छुट्टी पर है.

२४ जुलै

आज हिशोब मांडला. मे महिन्यात मांडायला पाहिजे होता.

आतलं प्लास्टिक दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दोनशे किलो जोराने साचा उघडू बघतं. बारा इंची परात म्हणजे तीस सेंटिमीटर; क्षेत्रफळ सातशे सात. गुणिले दोनशे, एकशे एक्केचाळीस टन. मशीन दीडशेचं. बसली असती.

सोळा इंची म्हणजे चाळीस सेंटिमीटर. क्षेत्रफळ बाराशे सत्तावन्न. अडीचशे टन.

चार इंच वाढले आणि शंभर टन वाढले. दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावरचं बल. हे वाक्य मी तेहतीस वर्षं मुलांकडून शंभरदा लिहून घेतलं आहे, चुकलं तर आणखी शंभरदा. वर्तुळाचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या पटीत वाढतं, हेही. "गोल हाय ना, बाई, चारी अंगांनी वाढतो," याचा अर्थ नेमका तोच होतो. फक्त वर्ग हा शब्द त्यात नव्हता, म्हणून मला ऐकू आलं नाही.

उत्तर बरोबर असूनही माझ्यासारख्या शब्दांत नाही म्हणून मी किती जणांना खाली बसवलं असेल? हा आकडा काढता येणार नाही. उत्तरपत्रिका शाळेने रद्दीत विकल्या.

२५ जुलै

उमरोळी स्टेशनवर उतरून चिखलातून पाऊण तास चालत गेले. बुधा, त्याची बायको चिमी आणि आणखी चार माणसं खाचरात भाताची आवणी करत होती. मी बांधावर छत्री धरून उभी राहिले. आवणी थांबली नाही.

"बुधा."

"हा बाई."

"खांब तुटला."

"कलला. हंसा ठीक हाय ना?"

म्हणजे बातमी माझ्या आधी पोचली होती. त्याने मशीनबद्दल काही विचारलं नाही. मी म्हटलं, हंसा ठीक आहे, आणि हिशोब सांगितला. अडीचशे टन. त्याने मान हलवली. मी सांगितलं म्हणून नाही, जुनी गोष्ट ऐकल्यासारखी.

"परात लहान करायची तर साचा नवा करावा लागेल. वेळ नाही," मी म्हटलं.

तो बांधाजवळ आला. चिखलात बोटाने मोठं वर्तुळ काढलं आणि त्यात बोट रोवत गेला. एक, दोन, दहा, वीस. "इंदुबाईंनी भोकं पाडली ती आपनच पाडू. साच्यामधी पिना बसवू. जिथं पिन, तिथं प्लास्टिक नाय. जिथं प्लास्टिक नाय, तिथं दाबून धरायला नको."

मी त्याला सांगितलं की माझ्याही डोक्यात साधारण हेच येऊ घातलं होतं. "हा बाई," तो म्हणाला.

मग मी जे बोलायला आले होते ते बोलले. "उद्या आठ वाजता ये. उशीर चालणार नाही."

"उद्या नाय, बाई. आवणी हाय. परवा."

"परवा आठ वाजता."

चिमी वाकल्या वाकल्याच हसत म्हणाली, "बाई, इतक्या लांब आल्या तं दोन मुठी लावून जा." मी साडी खोचून उतरले आणि दोन ओळी लावल्या. चिमीने पाहिलं आणि म्हणाली, "चांगल्या लावल्या. आमी मागून उपटून परत लावू."

२७ जुलै

बुधा आठला पाच कमी असताना हजर. त्याने पत्र्याचं भोक बघितलं, हंसा कुठे उभी राहत असे ते बघितलं, आणि जाऊन मशीनच्या मागे, जिथे मी शिरू शकत नाही, तिथे बराच वेळ उभा राहिला. बाहेर आला तेव्हा म्हणाला, "नवा खांब आला की हंसाची जागा बदलायची. या बाजूला." मी हो म्हटलं. हंसा मात्र म्हणाली, आता कुठल्याच बाजूला उभी राहणार नाही. ती आता तयार डब्या खोक्यांत भरते.

चार आण्याच्या नाण्याएवढ्या एकशे ऐंशी पिना. क्षेत्रफळातून पाचशे पासष्ट वजा. उरले सहाशे ब्याण्णव. एकशे अडतीस टन. हिशोब तीनदा तपासला. मग बुधाला तपासायला दिला. त्याने कागद उलटा धरून पाठीमागे स्वतःच्या पद्धतीने मांडला, मला न समजणाऱ्या रेघा मारून. उत्तर तेच आलं.

२२ ऑगस्ट

पिना बसवून साचा काल आला. खांब नाही. ठाण्याला रोज फोन करते. सरदारजी आता माझा आवाज ऐकला की आधीच "कल पक्का, माताजी" म्हणतात.

२८ ऑगस्ट

खांब काल आला. बुधाने चारही नट आवळले, प्रत्येकाला मोजून तेवढेच फेरे, आणि मग प्रत्येक कोपऱ्यात कागदाची पट्टी सरकवून सगळीकडे सारखीच अडकते का ते पाहिलं. सगळा दिवस त्यात गेला. मी मधेच "अजून किती?" विचारलं नाही. दोनदा तोंड उघडलं होतं.

आज दुपारी पहिली परात पडली. मी चष्मा पुसून काठावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. काही नाही. गुळगुळीत.

मी म्हटलं, "ठीक आहे."

बुधाने बायकांकडे बघितलं आणि म्हणाला, "बाईंना आवडली."

२९ ऑगस्ट

काल दुपारपासून मशीन थांबलेलं नाही. आज सकाळी साडेअकराला चारशे बारा पराती झाल्या आणि वीज गेली. वादळी पावसात सुरूचं झाड तारेवर पडलं. इथून दहा मैलांवर अणू फोडून वीज काढतात, आणि आम्ही सुरूच्या झाडापुढे हतबल. संध्याकाळपर्यंत वाट बघितली. उद्या शुक्रवार, वसाहतीची साप्ताहिक सुट्टी. तेव्हा हिशोब संपला. एकशे अठ्ठ्याऐंशी कमी.

३० ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

टेम्पोत चारशे बारा पराती घालून मुरब्याला गेलो, मी आणि बुधा. किनाऱ्यावर सगळं गाव, नव्या साड्या, रंगवलेल्या होड्या. पुरुष नारळ घेऊन पाण्यात गुडघाभर उभे.

इंदुबाईंनी परात उचलली, आभाळाकडे धरली आणि भोकांतून माझ्याकडे पाहिलं. "आता कशी शहान्यासारखी झाली!"

मी सांगितलं, चारशे बाराच आहेत, एकशे अठ्ठ्याऐंशी राहिल्या, माझ्याकडून शब्द पाळला गेला नाही.

"मंग पुढल्या आठवड्यात द्या. आमाला कुठं घाई हाय? होड्या आज सुटतील, मासली यायला आठ दिस तरी."

"नारळी पौर्णिमेच्या आत हव्यात असं ठरलं होतं."

"कोनी ठरवलं? मी नाय ठरवलं."

आठवून पाहिलं. त्यांनी ठरवलं नव्हतं. मीच ठरवलं होतं, जेवणाच्या टेबलावर, मुलाला गप्प करायला.

रात्री विद्याधरचा फोन. "किती झाल्या, आई?" सहाशे म्हटलं असतं तर तो मोजायला येणार नव्हता.

"चारशे बारा."

तो हळूच म्हणाला, "मग?"

"मग काय. येते."

२ सप्टेंबर

उद्या निघते. कुलूप लावायचं ठरलं होतं, पण उरलेल्या पराती मुरब्याला पोचल्याशिवाय कुलूप लावणं म्हणजे दुसरा शब्द मोडणं झालं. तेव्हा निम्मा शब्द पाळते. मी जाते, मशीन राहतं. बुधाला सत्तावीस सूचना लिहून दिल्या. त्याने घडी घालून खिशात ठेवल्या. वाचतो म्हणाला.

बायका फाटकापर्यंत आल्या. हंसा म्हणाली, "बाई, तिकडं कोनाला वरडू नका." मी कधी ओरडते?

९ सप्टेंबर, बडोदा

येथे सर्व काही उत्तम आहे, म्हणजे मला करण्यासारखं काही नाही. पुष्पलताचं स्वयंपाकघर मी उपयोगाच्या क्रमाने लावून दिलं. ती दिवसातून चार वेळा "आई, तुम्ही दमला असाल, जरा पडा" म्हणते. तिला स्वतःलाच अशक्तपणा असावा. नातवाला वर्तुळाचं क्षेत्रफळ समजावलं. तो सहा वर्षांचा आहे, पण लवकर सुरुवात केलेली बरी. आज तो शाळेतून आल्यावर मला बघून शेजारच्या घरी खेळायला गेला आणि अंधार पडल्यावर आला. मैदानी खेळांची आवड आहे.

१७ सप्टेंबर

बुधाचं अंतर्देशीय पत्र आलं. जसंच्या तसं उतरवते.

"चुरी बाईना बुधाचा नमस्कार. एकशे अठ्ठ्याऐंशी पराती मुरब्याला पोचत्या केल्या. इंदुबाई अजून तीनशे मागतात. खांब चांगला हाय. चारी नट मी रोज बघतो. हंसा सोमवारपासून मशीनवर उभी राहायला लागली, मी सांगितलं नाय, तिची तीच उभी राहिली. पत्र्याचं भोक बुजवलं. फ्लॅश येत नाय. तुमी काळजी करू नका. पाहिजे तितके दिवस राहा, आराम करा.

एक विचारायचं होतं. केळव्याची एक बाई आली ती अठरा इंची परात मागते, पाचशे नग. मी हिशोब केला. भोकं धरून दोनशे पाच टन होतात, आनि साचा खांबांत बसत नाय. मी नाय म्हनून सांगितलं. बरोबर केलं ना?"

हे पत्र मी चार वेळा वाचलं. सगळं चांगलं चाललं आहे, याशिवाय त्यात दुसरं काही नाही. तेहतीस वर्षांच्या अनुभवावरून सांगते, कुठलाही वर्ग इतका शांत असला की दारात जाऊन बघायचं असतं. शिवाय पाचशे नगांची मागणी मला न विचारता परत पाठवली! कारखान्याला माझी गरज आहे, हे बिचाऱ्याला कसं लिहावं ते कळलेलं नाही.

विद्याधरला म्हटलं, मला वाटतं मी एकदा जाऊन... तो इतका आज्ञाधारक, की माझं वाक्य पुरं व्हायच्या आत स्टेशनवर जाऊन उद्या सकाळचं तिकीट काढून आला. पुष्पलताने वाटेसाठी तीन दिवस पुरतील एवढे ठेपले केले, आणि गाडीचा प्रवास पाच तासांचा. तिचा अशक्तपणा पार गेला. हसतमुख मुलगी आहे. मी गेल्यावर तिला करमणार नाही.

अठरा इंचांचा हिशोब मीही करून पाहिला. पंचेचाळीस सेंटिमीटर, पंधराशे नव्वद, वजा पाचशे पासष्ट, गुणिले दोनशे. दोनशे पाच टन.

उत्तर पोस्टकार्डावर पाठवता आलं असतं. एकच शब्द लिहायचा, बरोबर. लिहायला घेतलंही होतं. पण या मुलाच्या कुठल्याच कागदावर मी हा शब्द कधी लिहिलेला नाही. माझंच अक्षर आहे यावर त्याचा विश्वास बसणार नाही. समोर जाऊन सांगते.